यंत्र उघडण्याचे धैर्य देणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर

बेळगावहून वेंगुर्ल्याच्या दिशेने निघाले की थोड्याच अंतरावर मळेकरणी देवीचे उचगाव लागते. भात, बटाटा आणि रताळी पिकवणाऱ्या या पट्ट्यात डिझेलवर चालणारे पंप, पॉवर टिलर आणि ट्रॅक्टर हे शेतकऱ्याच्या घरचेच झाले आहेत. ऐन हंगामात इंजिन तापू लागले, रेडिएटरच्या पाण्यात बुडबुडे दिसू लागले किंवा इंजिनच्या तेलाला दुधाळ रंग आला, की मिस्त्री हेड उघडावे लागेल असे सांगतो आणि घरधन्याच्या पोटात गोळा येतो. उघडलेले हेड नीट बसले तर हंगाम साधतो. चुकले तर पैसा, वेळ आणि पीक तिन्हींवर पाणी पडते. तरीही इंजिन उघडले जाते. यंत्र खोलता येते, समजून घेता येते आणि पुन्हा जुळवता येते, हा विश्वास या मुलखात आपोआप रुजलेला नाही. तो रुजवणाऱ्यांच्या पहिल्या फळीत बेळगावात सायकलचा व्यवसाय थाटणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर होते.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. मराठी संगीत नाटकाचा पाया घालणारे अण्णासाहेब किर्लोस्कर हेही याच गावचे आणि याच कुळातले. लक्ष्मणाचे मन मात्र शाळेच्या पुस्तकात रमत नसे. चित्रे काढणे आणि यंत्रांशी झटापट करणे हे त्याचे दोन छंद. वडिलांना हा ओढा पसंत नव्हता. पण थोरले बंधू रामचंद्र ऊर्फ रामूअण्णा पाठीशी उभे राहिले. त्यांच्या आर्थिक आधारावर १८८५ मध्ये लक्ष्मणरावांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत प्रवेश घेतला.

तेथे त्यांच्या आयुष्याने पहिले वळण घेतले. दोनेक वर्षांच्या अभ्यासानंतर त्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत, असे लक्षात आले. चित्रकार होऊ पाहणाऱ्या तरुणासाठी याहून मोठा आघात नव्हता. रंग हातचे गेले, पण रेषा राहिली. लक्ष्मणरावांनी यंत्ररेखनाचा अभ्यास धरला आणि त्या बळावर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये साहाय्यक शिक्षकाची जागा मिळवली. यंत्राचे चित्र काढायचे तर त्याचा प्रत्येक भाग कोठे बसतो, कशाला टेकतो आणि कोणता भाग आधी काढल्याशिवाय कोणता निघत नाही, हे ठाऊक असावे लागते. लक्ष्मणराव वर्गात शिकवीत आणि उरलेल्या वेळात संस्थेच्या कार्यशाळेत यंत्रांवर स्वतः शिकत. औपचारिक अभियांत्रिकी शिक्षण नसलेल्या या शिक्षकाची खरी शाळा ती कार्यशाळा होती.

१८८८ मध्ये किर्लोस्कर बंधूंनी बेळगावात सायकलींचा व्यवसाय सुरू केला. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवीत. रामूअण्णा त्या विकत आणि गिऱ्हाइकांना चालवायलाही शिकवत. सायकल हे त्या काळी नवल होते. नवे यंत्र विकणाऱ्याने ते वापरायला शिकवले पाहिजे आणि बिघडले तर दुरुस्तही करून दिले पाहिजे, हा किर्लोस्करांच्या धंद्याचा शिरस्ता याच दुकानात पडला. पुढे इन्स्टिट्यूटमध्ये बढतीची संधी आली, तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून ती एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला देण्यात आली. लक्ष्मणरावांनी नोकरीचा राजीनामा दिला आणि ते बेळगावला परतले.

आता त्यांचे लक्ष शेतीकडे वळले. कडबा कापण्याचे यंत्र तयार झाले आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर. खरी कसोटी पुढेच होती. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकला जायला तब्बल दोन वर्षे लागली. या दोन वर्षांचा अर्थ नीट ध्यानात घ्यायला हवा. लाकडी नांगर गावचा सुतार दुरुस्त करी, फाळ लोहार शेवटून देई. लोखंडी नांगर मोडला तर कोणाच्या दारी जायचे, हा शेतकऱ्याचा प्रश्न अडाणीपणाचा नव्हता, व्यवहाराचा होता. ज्या वस्तूवर वर्षाचे धान्य अवलंबून आहे, ती अनोळखी माणसाच्या भरवशावर कोण घेईल? झिजलेला भाग काढून त्याच मापाचा दुसरा बसवता आला, तरच लोखंडी नांगर शेतात टिकणार होता.

धंद्याचा जम बसत असतानाच बेळगाव नगरपालिकेच्या निर्बंधांमुळे कारखान्याच्या जागेचा प्रश्न उभा राहिला. अशा वेळी औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. त्यांनी कुंडल रोड रेल्वे स्थानकाजवळची ३२ एकर जमीन आणि दहा हजार रुपयांचे बिनव्याजी कर्ज देऊ केले. जमीन म्हणजे निवडुंगाने भरलेला, सापांचा वावर असलेला माळ. १९१० मध्ये मोजके सहकारी आणि कामगार यांना घेऊन लक्ष्मणराव तेथे गेले. निवडुंग तोडून त्यांनी कारखाना उभारला आणि भोवती वस्ती वसवली. रामूअण्णा वस्तीची व्यवस्था पाहू लागले; शंभूराव जांभेकर, मंगेशराव रेगे आणि अनंतराव फळणीकर यांच्यासारखे सहकारी कारखान्याचे खांब बनले. वसाहतीत अस्पृश्यतेला थारा नव्हता. तुरुंगातून सुटून आलेल्यांनाही काम मिळाले आणि त्यांतील काहींवर तर पहाऱ्याची जबाबदारी सोपवली गेली. त्या माळाचे नाव पुढे किर्लोस्करवाडी झाले.

पहिल्या महायुद्धात कोळसा आणि लोखंड मिळेनासे झाले, तेव्हा हाताशी असेल त्यातून मार्ग काढत कारखाना चालू ठेवण्यात आला. १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी शंकरराव किर्लोस्करांनी सुरू केलेल्या किर्लोस्कर खबर या पत्रातून पुढे किर्लोस्कर मासिक आकाराला आले. नांगरापाठोपाठ उसाचे चरक, शेंगा फोडण्याची यंत्रे, हातपंप आणि १९२६ मध्ये सेंट्रिफ्यूगल पंप तयार झाला. मोटेच्या जागी पंप आला, की तो फिरवायला इंजिन हवे. डिझेल इंजिनाच्या निर्मितीत साताऱ्याच्या कूपर कारखान्याने १९३० च्या दशकातच पाऊल टाकले होते. १९४६ मध्ये लक्ष्मणरावांचे पुत्र शंतनुराव यांनी पुण्याजवळ खडकी येथे किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन केली. नांगरापासून सुरू झालेला प्रवास लक्ष्मणरावांच्या हयातीतच डिझेल इंजिनापर्यंत पोहोचला.

हे इंजिन नांगराइतके सोशिक नव्हते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधील हवा तिच्या मूळ आकारमानाच्या पंधरा-वीसाव्या हिश्श्यात दाबली जाते, ती ५०० अंश सेल्सिअसच्या वर तापते आणि त्या उष्णतेने इंधन पेटते. ८० मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरमध्ये दर चौरस सेंटिमीटरला ६० किलोचा दाब निर्माण झाला, तर वरच्या झाकणाला सुमारे तीन टनांचा धक्का बसतो आणि तो मिनिटाला शेकडो वेळा बसत राहतो. हे झाकण म्हणजे सिलिंडर हेड. हेड आणि ब्लॉक यांच्यामध्ये असतो फक्त एक पातळ गॅस्केट. म्हणून हेड काढणे आणि बसवणे हे बळाचे कमी आणि क्रमाचे अधिक काम आहे.

जाणता मिस्त्री इंजिन पूर्ण थंड झाल्याशिवाय पाना लावत नाही. गरम हेडचे नट सोडले तर ते वाकू शकते, आणि गरम पाणी अंगावर उडण्याचा धोका वेगळाच. डिझेलचा कॉक बंद करणे, बॅटरीची वायर सोडणे, पाणी काढणे, इंधननळ्यांची तोंडे झाकणे, मॅनिफोल्ड सोडवणे आणि रॉकर व पुशरॉड ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने मांडून ठेवणे, हे आधी उरकावे लागते. हेडचे नट कडेकडून मध्याकडे, आलटून पालटून, थोडे थोडे सैल केले जातात. मोठ्या इंजिनाचे हेड दोघा-तिघांनी हाताने उपसण्याचा मोह कंबर आणि बोटे दोन्हींना महाग पडतो. वजनाला पुरून उरेल अशी चेनपुली, कंपनीने ठरवून दिलेल्या जागी अडकवलेले हूक आणि सरळ वर जाणारी उचल, हाच सुरक्षित मार्ग. टांगलेल्या हेडखाली कोणाचाही हात जाता कामा नये. हेड चिकटले म्हणून फटीत पटाशी ठोकली, तर पृष्ठभागाला पडलेला ओरखडाच पुढे गळतीची वाट होतो. उतरवलेले हेड लाकडी ठोकळ्यांवर ठेवावे, सिलिंडरची तोंडे स्वच्छ कापडाने झाकावीत.

बसवताना घाई सर्वांत घातक. दोन्ही पृष्ठभाग साफ करून सरळ पट्टी आणि फिलर गेजने सपाटी तपासली जाते. बोल्टच्या भोकांत तेल किंवा पाणी साचलेले राहिले, तर बोल्ट आवळताना ते दबून ब्लॉकला तडा जाऊ शकतो. गॅस्केट नवा असावा आणि त्याची वरची बाजू वरच राहावी. हेड सरळ खाली उतरवल्यावर नट मध्याकडून कडेकडे, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क पान्याने कंपनीने दिलेल्या मापापर्यंत आवळले जातात. मग टॅपेटचे अंतर जुळवायचे आणि पाणी भरून इंजिन चालू करून गळती पाहायची. हाताच्या अंदाजाने आवळलेले हेड पहिल्या दिवशी चालते. पण एका बाजूला कमी दाब राहिला, तर भर हंगामात गॅस्केट पुन्हा जळते.

या कामात जे लागते, तेच लक्ष्मणरावांनी आयुष्यभर जोपासले. रंग हुकल्यावर रेषा धरणे, बढती नाकारल्यावर जागा सोडणे, दोन वर्षे न विकल्या गेलेल्या नांगरासमोर धीर न सोडणे आणि बेळगावात बसवलेला कारखाना मोडून माळावर पुन्हा उभा करणे, यांत कोठेही आक्रस्ताळेपणा नव्हता. त्यांनी शेतकऱ्याच्या शंकेची टिंगल केली नाही. नांगराचे काम सुधारून तिला उत्तर दिले. कारागिराच्या हातात त्यांनी यंत्राबरोबर मापही दिले. सीमाभागातल्या कितीतरी मिस्त्रींनी पदवी नसताना, दुसऱ्याच्या शेजारी उभे राहून हेच शिक्षण घेतले आहे. मापाऐवजी अंदाजावर भिस्त ठेवणे आणि थंड होऊ न देता पाना लावणे या सवयी अजून गेलेल्या नाहीत, आणि त्यांची किंमत शेतकरी मोजतो, कधी मिस्त्रीही मोजतो.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. १९६९ मध्ये, जन्मशताब्दीच्या वर्षी, टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. कुंडल रोडचे स्थानक आज किर्लोस्करवाडी या नावाने ओळखले जाते. बेळगावच्या बाजारपेठेतल्या किर्लोस्कर रोडवरून दररोज हजारो माणसे जातात. उचगावकडचा शेतकरीही खत, बियाणे, पंपाचा सुटा भाग किंवा हेडचा नवा गॅस्केट घ्यायला याच शहरात येतो.