आग विझवणं ही पूर्णवेळ नोकरी असते, हे लंडनला शिकवणारा माणूस शेवटी आगीतच गेला

आज १०१ फिरवला की बंब येतो. त्याचं भाडं विचारत नाहीत, घराचा विमा आहे का तेही विचारत नाहीत. पण दोनशे वर्षांपूर्वीच्या लंडनमध्ये आग विझवणं हे सरकारचं कामच नव्हतं. ते विमा कंपन्यांचं होतं. प्रत्येक कंपनीची स्वतःची माणसं, स्वतःचे बंब आणि विमा घेतलेल्या घराच्या भिंतीवर स्वतःचा धातूचा बिल्ला. यात हिशोब मालमत्तेचा होता, माणसांचा नव्हता.

या व्यवस्थेत फायरमन नावाचा खराखुरा पेशा उभा केला तो जेम्स ब्रेडवूड या स्कॉटिश माणसानं.

ब्रेडवूड १८०० साली एडिनबरामध्ये जन्मला. वडील फर्निचर आणि बांधकामाच्या धंद्यात होते. पोरगा शाळेनंतर त्याच धंद्यात लागला. भिंत कशावर उभी राहते, तुळई कुठे टेकते, छप्पर आधी कुठून खचतं, हे त्याला तिथेच कळलं. पुढे आयुष्यभर हीच शिदोरी कामी आली.

१८२४ मध्ये एडिनबरानं शहराचं स्वतःचं अग्निशमन दल काढायचं ठरवलं. नगरपालिकेनं चालवलेलं ब्रिटनमधलं हे पहिलं दल मानलं जातं. त्याचा प्रमुख म्हणून २४ वर्षांच्या ब्रेडवूडला नेमलं. माणसं धड तयार व्हायच्या आत, काही आठवड्यांतच, नोव्हेंबरमध्ये शहराला भीषण आग लागली.

जुन्या एडिनबरात उंचच उंच इमारती आणि मधून दोन माणसं जेमतेम जातील अशा गल्ल्या. आग पाच दिवस धुमसत राहिली. सुमारे ४०० घरं गेली, १३ जण मेले, त्यात दोन फायरमन होते. ट्रॉन चर्चचा लाकडी मनोरा पेटला आणि कोसळला.

खरी गोची पाण्याची नव्हती, हुकूम द्यायला कोण, याची होती. न्यायाधीश, नगरपालिकेचे बडे अधिकारी, जो येईल तो फायरमनना ऑर्डर सोडत होता. एक म्हणायचा इकडे पाणी मारा, दुसरा म्हणायचा तिकडे. पोरांची नुसती पळापळ झाली.

खापर ब्रेडवूडवर फुटलं असतं, पण चौकशीत उलटं झालं. आगीच्या ठिकाणी दलाच्या प्रमुखाचाच हुकूम चालेल, बाकी कुणीही कितीही मोठा असला तरी बाजूला उभा राहील, असा नियम झाला. कागदावर तो साधा वाटतो, पण या पेशाला कणा मिळाला तो इथे.

मग ब्रेडवूडनं भरती सुरू केली ती गवंडी, सुतार, प्लंबर, लोहार आणि छपरावर काम करणाऱ्या कारागिरांची. म्हणजे इमारत आतून ओळखणारी आणि उंचीवर न डगमगणारी तरुण पोरं. त्यांची कवायत दर बुधवारी पहाटे चार वाजता. आग अंधारातच जास्त घात करते, म्हणून शहर अंधारातच पाठ व्हायला हवं, हा त्यामागचा विचार.

तोवर रस्त्यावर उभं राहून खिडकीतून पाणी फेकायची पद्धत होती. त्यातलं निम्मं पाणी भिंतीवरच जायचं. ब्रेडवूडचं म्हणणं होतं की आत शिरा, आगीचं मूळ गाठा आणि तिथेच पाणी मारा. धूर वर चढतो, जमिनीलगत श्वास घेण्याजोगी हवा उरते, म्हणून सरपटत जा. एकट्यानं जाऊ नका. फायरमन आजही हेच शिकतात.

पठ्ठ्या नुसता सांगणाऱ्यातला नव्हता. एका जळत्या दुकानात बंदुकीची दारू असल्याचं कळल्यावर तो स्वतः आत गेला आणि पिंपं बाहेर काढून आणली. १८३० मध्ये त्यानं या सगळ्यावर पुस्तक लिहिलं आणि लंडनच्या विमा कंपन्यांचं लक्ष त्याच्याकडे गेलं.

वेगवेगळी दलं पोसण्यापेक्षा एकच काढू, असं १० कंपन्यांनी ठरवलं. १ जानेवारी १८३३ ला नवं दल सुरू झालं आणि ब्रेडवूड त्याचा प्रमुख झाला. हाताशी पूर्णवेळ माणसं होती सुमारे ८०. एवढ्या अवाढव्य शहरासाठी! बंब हातानं चालवायचे, त्यामुळे दांडे मारायला रस्त्यावरची माणसं घ्यायची आणि त्यांना पैशांसोबत बिअर द्यायची. माणसं वाचवण्याच्या शिड्या वेगळीच एक धर्मादाय संस्था सांभाळायची.

पुढच्याच वर्षी, १६ ऑक्टोबर १८३४ ला, ब्रिटिश संसद पेटली. जुन्या हिशोबाच्या लाकडी काठ्या भट्टीत जाळताना आग लागली होती. संसदेचा विमाच नव्हता, म्हणजे कंपन्यांच्या दलाचा तिथे काही संबंध नव्हता. तरी ब्रेडवूड १२ बंब आणि ६४ माणसं घेऊन गेला. संसदेची दोन्ही सभागृहं गेली, पण वेस्टमिन्स्टर हॉल वाचला. मध्ययुगातला तो हॉल आजही उभा आहे.

एवढं होऊनही सरकारनं खिशात हात घातला नाही. कंपन्या करतायत ना, मग करू दे, असा एकूण कारभार. ब्रेडवूड मात्र थेम्सकाठच्या गोदामांबद्दल बजावत राहिला. ती इतकी मोठी बांधली जातायत की एकदा पेटली तर आपल्या साधनांनी आवरणार नाहीत, असं त्याचं म्हणणं होतं. दरम्यान १८५५ मध्ये त्याचा सावत्र मुलगा, जो फायरमनच होता, ड्यूटीवर गेला. ब्रेडवूड कामावर राहिला.

२२ जून १८६१, शनिवार. टूली स्ट्रीटवरच्या कॉटन्स वार्फ या धक्क्यावरच्या गोदामात आग लागली. आत ताग, कापूस, साखर, चरबी, सोरा असा माल. आग पसरू नये म्हणून बसवलेले लोखंडी दरवाजे उघडेच राहिले होते. नदीला ओहोटी, त्यामुळे तरंगत्या बंबांनाही नीट पाणी मिळेना. वितळलेली चरबी नदीवर पसरून जळत होती.

ब्रेडवूड दमलेल्या माणसांना धीर देत फिरत होता. एका जखमी फायरमनच्या हाताला त्यानं गळ्यातला रुमाल बांधला, असं सांगतात. संध्याकाळी साडेसातच्या सुमारास स्फोट झाला आणि एक अख्खी भिंत त्याच्यावर आली. सोबत एक सहकारीही गेला. मृतदेह काढायलाच दोन-तीन दिवस लागले. आग पूर्ण विझायला दोन आठवडे गेले.

त्याच्या अंत्ययात्रेची रांग दीड मैलाची होती. अॅबनी पार्कमध्ये सावत्र मुलाजवळच त्याला पुरलं.

मग कंपन्यांनी हिशोब मांडला. नुकसान सुमारे २० लाख पौंडांचं. त्यांनी विम्याचे हप्ते वाढवले आणि सरकारला कळवलं की अख्ख्या शहराची आग आम्ही आमच्या पैशानं विझवणार नाही. १८६२ मध्ये संसदेची समिती बसली, १८६५ मध्ये कायदा झाला आणि १ जानेवारी १८६६ पासून लंडनला सार्वजनिक पैशानं चालणारं दल मिळालं. माणसांचा जीव वाचवणंही आता त्याच दलाचं काम झालं.

मुंबईत त्या काळी बंब पोलिसांच्या ताब्यात असायचे. १८८७ मध्ये ते काम पालिकेकडे आलं आणि १८९० मध्ये पहिले चीफ ऑफिसर म्हणून डब्ल्यू. निकोल्स यांना आणलं, ते याच लंडनच्या दलातून.