माणिकची शाळा

अमरावतीहून नागपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर मोझरी हे गाव लागते. तेथील गुरुकुंज आश्रम राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ साली स्थापन केला. महाराजांचे मूळ नाव माणिक. अमरावती जिल्ह्यातील यावली येथे ३० एप्रिल १९०९ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील बंडोजी शिवणकाम करीत. घरी अठराविश्वे दारिद्र्य! यावली व वरखेड येथे माणिक थोडेफार शिकला. पण त्याचे चित्त पाटीपेक्षा भजनात रमे. लवकरच शाळा सुटली, ती कायमचीच.

त्या काळी वऱ्हाडच्या खेड्यात अशा मुलाला कोण हटकणार? सक्तीच्या शिक्षणासाठी गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ साली मांडलेले विधेयक पुढल्याच वर्षी फेटाळले गेले होते. दूर कोल्हापुरात मात्र राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले आणि मुलास शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. माणिक तेव्हा आठ वर्षांचा होता. त्या संस्थानात तो जन्मला असता, तर बंडोजींना जाब द्यावा लागला असता. आणि गरीब शिंप्याच्या घरी एक रुपया ही काही लहान रक्कम नव्हती.

वरखेडच्या आडकोजी महाराजांनी माणिकला तुकड्या हे नाव दिले. पुढे खंजिरीच्या तालावर भजने गात तो गावोगाव हिंडला. स्वच्छता, व्यसनमुक्ती, एकी यांचे धडे अक्षरशत्रू माणसेही त्या भजनांतून घेऊ लागली. १९४२ च्या लढ्यात महाराजांना तुरुंगवास घडला. १९५५ साली त्यांची ग्रामगीता प्रसिद्ध झाली. शाळा अर्ध्यावर सोडलेल्या या पुरुषाने तीत शिक्षणावर स्वतंत्र अध्याय लिहिला, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. पुस्तकी विद्येला हातांच्या कामाची जोड हवी, असा त्यांचा आग्रह होता. मुलींनाही त्यांनी वगळले नाही.

चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना दहा वर्षांत मोफत शिक्षण देण्याची उमेद १९५० च्या राज्यघटनेने धरली होती. ती मुदत टळली. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी महाराज निवर्तले. त्यांची समाधी गुरुकुंजातच आहे. नागपूर विद्यापीठाला २००५ साली त्यांचे नाव देण्यात आले. शिक्षणहक्काचा कायदा मात्र १ एप्रिल २०१० रोजी अमलात आला. त्यानुसार सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला प्राथमिक शिक्षण पुरे होईपर्यंत शाळेतून काढता येत नाही. प्रवेशासाठी त्याची वा पालकांची परीक्षा घेता येत नाही. सरकारी शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश सदस्य पालकच असतात. आणि एखादा माणिक मध्येच शाळा सोडून रानोमाळ गेला, तरी परत आल्यावर त्याला त्याच्या वयाच्या वर्गात बसवून मागे राहिलेला अभ्यास शिकवावा लागतो.