कूलोम आणि मुरूम

विद्युतप्रभाराच्या एककामुळे शाळकरी मुलांनाही ठाऊक असलेले शार्ल द कूलोम (१७३६-१८०६) मुळात फ्रेंच लष्करातले बांधकाम अभियंते. १७६४ मध्ये त्यांना कॅरिबियन समुद्रातल्या मार्टिनिक बेटावर किल्ला बांधायला पाठवले गेले. बेट ज्वालामुखीचे, हवा रोगट. आठ वर्षांत प्रकृती ढासळली. पण मातीचा रेटा सोसायला भिंत किती जाड हवी, हा प्रश्न त्यांनी सोडला नाही. परतल्यावर, १७७३ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे त्यांनी उत्तर मांडले. माती तगते दोन गोष्टींवर: कणांची आपसातली चिकटण आणि वरच्या भाराबरोबर वाढणारे घर्षण.

बारामती एमआयडीसीत पाया खणताना लागणारा मुरूम, म्हणजे कुजलेला काळा पाषाण, आजही याच हिशेबाने जोखतात. दोन भागांच्या पेटीत नमुना ठेवून वेगवेगळ्या वजनांखाली तो सरकवायचा. पण नमुना काढतानाच मुरमाचा भुगा होतो आणि डोंगरातल्या भेगा पेटीत मावत नाहीत. त्या भेगांत पाणी दाटले की घर्षण घटते; ही बाजू विसाव्या शतकात कार्ल टर्झागी यांनी उलगडली. सपाट बारामतीत याची झळ कमी. याच जिल्ह्यातल्या माळीणवर मात्र ३० जुलै २०१४ रोजी मुसळधार पावसात डोंगर कोसळला. दीडशेहून अधिक माणसे गेली.

कूलोम यांना कीर्ती मिळाली ती १७८५ नंतर, विजेच्या नियमामुळे. बेटावर खालावलेली तब्येत मात्र शेवटपर्यंत सावरली नाही.