कुमारी तोरू दत्त हिचें फ्रेंचाध्ययन

परकी भाषा म्हटली म्हणजे परीक्षेपुरते शब्द घोकावयाचे व परीक्षा संपतांच ते विसरावयाचे, असा पुष्कळांचा समज असतो. एकवीस वर्षांच्या आयुष्यांत जिनें फ्रेंच भाषेंत कादंबरी लिहिली, त्या बंगाली मुलीचें चरित्र आमच्या वाचकांनीं, विशेषतः मुलींच्या आईबापांनीं, अवश्य वाचावें.

तोरू दत्त हिचा जन्म कलकत्त्यांतील रामबागानच्या दत्त घराण्यांत ४ मार्च १८५६ रोजीं झाला. वडील गोविंदचंद्र हे स्वतः कवि होते. १८६२ सालीं या कुटुंबानें ख्रिस्ती धर्माचा स्वीकार केला. तीन वर्षांनीं एकुलता एक मुलगा अब्जू वारला. १८६९ सालीं गोविंदचंद्र पत्नीस आणि अरू व तोरू या दोन्ही मुलींस घेऊन युरोपास गेले. मुलींच्या शिक्षणासाठीं समुद्र ओलांडणें ही त्या काळीं लहानसहान गोष्ट नव्हती.

फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील नीस शहरीं दोघी बहिणी कांहीं महिने शाळेंत गेल्या. शाळा म्हणून त्यांनीं आयुष्यांत पाहिली ती एवढीच! फ्रेंचची गोडी लागली तीही तेथेंच. पुढें त्या इंग्लंडांत असतांना जर्मनांशीं झालेल्या युद्धांत फ्रान्सचा पाडाव झाला, तेव्हां तोरूस आपल्याच देशावर संकट आल्यासारखें दुःख झालें. १८७१ ते १८७३ पर्यंत केंब्रिज येथें स्त्रियांकरितां होणाऱ्या उच्च शिक्षणाच्या व्याख्यानांस त्या जात. फ्रेंचचा अभ्यास तेथेंही चालूच होता. पदवी मिळणें मात्र शक्य नव्हतें. त्या विद्यापीठानें स्त्रियांना पुरती पदवी दिली ती १९४८ सालीं!

१८७३ सालीं मंडळी कलकत्त्यास परतली आणि पुढच्याच वर्षीं अरू क्षयानें गेली. जिच्याबरोबर भाषा शिकली ती बहीण गेल्यावरही तोरूनें पुस्तकें मिटलीं नाहींत. फ्रेंच कवितांचीं इंग्रजींत भाषांतरें ती करीत राहिली. १८७६ सालीं भवानीपूरच्या एका छापखान्यांतून तीं पुस्तकरूपानें निघालीं. व्हिक्टर ह्यूगोप्रभृति कवींच्या या कवितांपैकीं आठांचें भाषांतर अरूचें आहे. कागद हलका, प्रस्तावना नाहीं. तरी लंडनमध्यें एडमंड गॉस या टीकाकाराच्या हातीं तें पुस्तक पडतांच त्यानें त्याची मुक्तकंठानें प्रशंसा केली.

मला तिचें खरें कौतुक वाटतें तें याहून निराळ्या गोष्टीचें. क्लारिस बादेर या फ्रेंच विदुषीनें प्राचीन भारतीय स्त्रियांविषयीं ग्रंथ लिहिला होता. त्याचें भाषांतर करण्याची परवानगी मागण्यासाठीं तोरूनें तिला पत्र लिहिलें, व दोघींचा स्नेह जडला. त्याच सुमारास ती वडिलांबरोबर संस्कृत शिकूं लागली, आणि सावित्री, ध्रुव, प्रल्हाद यांच्या कथा तिनें इंग्रजी पद्यांत उतरविल्या. आमच्या वेळापुरांतील अर्धनारीनटेश्वराचें देऊळ पाहावयास परगांवचे लोक मुद्दाम येतात, आणि गांवचीं मुलें त्याच्यावरून नुसतीं धांवत जातात. तोरू मात्र दूर जाऊन आली ती देऊळ पाहण्याची दृष्टि घेऊन.

पण संस्कृताचा अभ्यास फार दिवस चालला नाहीं. ३० ऑगस्ट १८७७ रोजीं तीही क्षयानेंच वारली. कलकत्ता विद्यापीठाच्या परीक्षा मुलींना खुल्या झाल्या त्या पुढच्या वर्षीं.

तिच्या मागें राहिलेल्या कागदांत वडिलांना फ्रेंच कादंबरीचें हस्तलिखित सांपडलें. कुमारी दार्व्हेर नांवाच्या एका फ्रेंच मुलीची ती रोजनिशी आहे. तिन्ही मुलें गमावलेल्या त्या बापानें तें छापविण्याची खटपट केली, आणि १८७९ सालीं बादेरबाईंच्या प्रस्तावनेसह कादंबरी पॅरिस येथें प्रसिद्ध झाली.