सॅम हिगिनबॉटम : सेवेतून पुन्हा वर्गाकडे

वाचकहो, परदेशात जाऊन काही वर्षे सेवा करून जो तरुण परत येतो, त्याचे पुढे काय होते याचा विचार आपण सहसा करीत नाही. जाताना त्याच्यासाठी प्रार्थना होते, निरोपाचा समारंभ होतो. परत येतो तेव्हा त्याचे वय वाढलेले असते, बरोबरीचे मित्र नोकरीत स्थिरावलेले असतात, हाती पैसा नसतो, आणि जे अनुभवाचे धन तो घेऊन आला त्याचे मोल कोठल्या बाजारात करावे हे त्यालाही उमगत नाही. पुन्हा शिकावे असे त्याच्या मनात येते. पण हे शिकण्याचे वय राहिले नाही, असे घरचे लोकच त्याला सांगतात.

अमेरिकेत या अडचणीवर एक उपाय योजला गेला. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या काळात, 1961 साली, पीस कोअर ही स्वयंसेवकांची संस्था निघाली. तिचे तरुण दोन वर्षे परदेशातील खेड्यापाड्यांत राहून काम करीत. आपल्या देशातही ते 1961 पासून 1976 पर्यंत होते. त्यांतील पहिली तुकडी पंजाबात शेतीच्या व ग्रामोद्योगांच्या कामासाठी आली होती. परत गेलेल्या अशा स्वयंसेवकांना पदव्युत्तर शिक्षण घेता यावे म्हणून 1985 साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील टीचर्स कॉलेजमध्ये एक शिष्यवृत्ती सुरू झाली. पुढे शंभराहून अधिक विद्यापीठे तीत सामील झाली, आणि पीस कोअरचे एके काळचे संचालक पॉल कव्हरडेल यांचे नाव तिला मिळाले. तिची एक अट मला फार मोलाची वाटते. विद्यापीठ फी कमी करते, काही ठिकाणी निर्वाहवेतनही देते. पण शिकत असतानाच विद्यार्थ्याने आपल्या देशातील एखाद्या उपेक्षित वस्तीत, शाळेत किंवा दवाखान्यात काम केलेच पाहिजे. सेवेने शिक्षणाची वाट दाखवावी आणि शिक्षणाने पुन्हा सेवेकडे न्यावे, असा तिचा हिशेब आहे.

ही सोय होण्याच्या पाऊणशे वर्षे आधी एका मनुष्याने हीच वाट स्वतःच्या पायांनी पाडली होती, आणि तीही आपल्या देशासाठी. त्याला शिष्यवृत्ती नव्हती. त्या सॅम हिगिनबॉटम यांची ओळख आज तुम्हाला करून द्यावयाची आहे.

त्यांचा जन्म 27 ऑक्टोबर 1874 रोजी इंग्लंडमधील मँचेस्टर येथे झाला. बालपण वेल्समध्ये गेले. घरची परिस्थिती बेताची. शाळा लवकर सुटली आणि दूध पोहोचविण्यासारखी कष्टाची कामे अंगावर पडली. तरुणपणी पवित्र शास्त्राच्या वाचनाने त्यांचे मन पालटले आणि मिशनरी होण्याची ओढ लागली. मात्र त्यासाठी शिकायला हवे होते. विसाव्या वर्षाच्या सुमारास ते अमेरिकेला गेले आणि ड्वाइट मूडी यांनी गरीब तरुणांसाठी काढलेल्या माउंट हर्मन शाळेत दाखल झाले. तेथून ॲम्हर्स्ट, आणि मग प्रिन्स्टन. 1903 साली त्यांना पदवी मिळाली तेव्हा ते एकोणतिशीत होते. उशिरा शिकण्याची सवय त्यांना अशी आधीपासूनच होती, असे म्हणावयास हरकत नाही.

त्याच सुमारास हेन्री फोर्मन या भारतातील मिशनऱ्याची त्यांच्याशी गाठ पडली, आणि 1903 च्या अखेरीस सॅम भारतात येऊन पोहोचले. खेड्यांतील दलित-पीडितांमध्ये सुवार्ताकार्य करावे ही त्यांची मनीषा होती. मिशनची गरज निराळी होती. अलाहाबादच्या ख्रिस्ती महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवायला कोणी नव्हते, तेव्हा हे काम त्यांच्या गळ्यात पडले. पुढल्या वर्षी एथलिंड कोडी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. यमुनेपलीकडे नैनी येथे मोडक्या मातीच्या झोपड्यांत कुष्ठरोगी राहत असत. त्या कुष्ठधामाची देखरेखही सॅम यांच्याकडे आली, आणि ती त्यांनी पुढे अनेक वर्षे मनापासून सांभाळली. रोग्यांच्या निरोगी मुलांसाठी वेगळी व्यवस्था झाली, ती या दांपत्याच्या कळकळीमुळे.

अर्थशास्त्राची पाश्चात्त्य पुस्तके वर्गात वाचून दाखविताना त्यांना एक गोष्ट खटकू लागली. पुस्तकातले जग आणि महाविद्यालयाच्या फाटकाबाहेरचे जग यांचा मेळ बसत नव्हता. मग ते विद्यार्थ्यांना घेऊन खेड्यांत हिंडू लागले. तेथे जे दिसले ते साधे होते, पण ते विसरता येण्याजोगे नव्हते. बहुतेक लोक शेतीवर जगत आणि शेती त्यांना जगवू शकत नव्हती. नांगर जमीन वरवर ओरखडत होता. कांस नावाच्या गवताच्या मुळ्या खोल रुजून शेते गिळीत होत्या. उन्हाळ्यात चारा नसल्याने जनावरे उभ्या उभ्या सुकत. नवख्रिस्ती झालेली कुटुंबे तर बहुधा भूमिहीन. त्यांना उपदेश मिळत होता, पण भाकरीचे साधन कोणी देत नव्हते.

सॅम यांनी मिशनपुढे प्रस्ताव मांडला की, शेतकीचे शिक्षण हे मिशनचे काम मानावे. वाचकहो, आज ही गोष्ट आपणास सरळ वाटते. त्या काळी तशी नव्हती. बिहारमध्ये पुसा येथे 1905 साली सरकारी संशोधन संस्था निघाली होती, पुण्यातही शेतकीचे शिक्षण सुरू होते. पण आत्म्यांच्या तारणासाठी पाठविलेल्या माणसाने खत आणि बियाणे यांत वेळ घालवावा का, हा प्रश्न पुष्कळांना प्रामाणिकपणे पडत होता. शिवाय प्रस्ताव मांडणाऱ्याला स्वतःला शेतकीशास्त्र कोठे येत होते? ते तर अर्थशास्त्र शिकविणारे. तेव्हा उत्तर असे मिळाले की, हे काम करावयाचे तर ज्याने सुचविले त्यानेच ते शिकून यावे आणि त्यासाठी लागणारा पैसाही त्यानेच मिळवावा.

येथे एक लहानसे विषयांतर करतो, कारण माझा धंदाच शब्दांचा आहे. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात मनुष्याला बागेत ठेवून जे काम सोपविले, त्यासाठी मूळ इब्री भाषेत जे क्रियापद आहे तेच क्रियापद पुढे निर्गमाच्या पुस्तकात परमेश्वराच्या सेवेसाठी येते. मराठीत आम्हा अनुवादकांना एके ठिकाणी मशागत आणि दुसऱ्या ठिकाणी सेवा असे दोन शब्द घ्यावे लागतात, आणि दोन शब्द घेताच वाचकाच्या मनात दोन वेगळी कामे उभी राहतात. सॅम यांचा वाद मिशनशी होता. परंतु या शब्दाची साक्ष त्यांच्या बाजूची होती, असे मला वाटते.

1909 साली ते सहा वर्षांच्या सेवेनंतर रजेवर अमेरिकेला गेले. मिशनऱ्याची रजा म्हणजे विश्रांती आणि मंडळ्यांमधून अहवाल देत फिरणे. सॅम यांनी ती रजा ओहायो राज्य विद्यापीठाच्या शेतकी वर्गात घालविली. वय पस्तीस, हाती प्रिन्स्टनची पदवी, पदरी संसार. आणि बसायचे ते पदवीच्या विद्यार्थ्यांबरोबर, पुन्हा पहिल्यापासून. पदव्युत्तर मानाच्या शिक्षणाचा मोह त्यांना पडला नाही. त्यांना पदवीची पायरी वाढवायची नव्हती, तर जे येत नव्हते ते शिकावयाचे होते. हा विवेक दुर्मिळ आहे. आमच्या धर्मशिक्षणाच्या क्षेत्रातही परदेशी शिष्यवृत्ती मिळताच, मंडळीला कशाची गरज आहे हे न पाहता, नावामागे कोणती अक्षरे लागतील हे आधी पाहिले जाते. हे कटू असले तरी लिहिणे भाग आहे.

अभ्यासाबरोबरच मंडळ्यांतून भाषणे करून त्यांनी सुमारे 30,000 डॉलर जमविले. 1911 साली शेतकीची पदवी घेऊन ते परतले. नैनीजवळ यमुनेच्या काठी सुमारे 275 एकर जमीन मिळाली. ती पावसाने झिजलेली, घळींनी चिरलेली आणि कांसाने भरलेली होती. शेजारच्या शेतकऱ्याच्या वाट्याला जशी जमीन येते तशीच ही होती. तेव्हा येथे जे पिकेल ते त्यालाही पिकविता येईल, हे दाखविणे शक्य झाले. बांध घातले, घळी बुजविल्या, उन्हाळ्यात खोल नांगरट करून कांसाच्या मुळ्या उघड्या पाडल्या. हिरवा चारा खड्ड्यात दाबून साठविण्याची रीत तेथे दाखविली गेली, म्हणजे उन्हाळ्यातही जनावराच्या तोंडी घास पडावा. अलाहाबाद कृषी संस्था आपला आरंभ 1910 पासून मोजते.

या कामाची वार्ता संस्थानिकांपर्यंत गेली. 1916 ते 1919 या काळात ग्वाल्हेर संस्थानाच्या शेतकी खात्याचे संचालकपद सॅम यांच्याकडे होते. माधवराव शिंदे यांच्या या दरबारात मराठी माणसांचा वावर मोठा. एका मिशनऱ्याच्या हाती शेतकी खाते सोपविण्यात दरबाराने जो विश्वास दाखविला, तो लहान नव्हता.

1921 साली त्यांचे ‘द गॉस्पेल अँड द प्लाऊ’ हे पुस्तक निघाले. सुवार्ता आणि नांगर ही जोडी त्यांनी नावातच बांधून टाकली. हे पुस्तक आज वाचताना काही पाने आपल्याला बोचतात, हेही सांगितले पाहिजे. इंग्रजी राज्यावरचा त्यांचा विश्वास आणि हिंदू समाजाच्या चालीरीतींविषयीचे काही निवाडे आपण स्वीकारू शकत नाही. माणूस आपल्या काळाच्या मापाचा असतो. परंतु त्याच 1921 साली मेसन वॉ हे शेतकी अभियंता नैनीला आले आणि त्यांनी देशी बैलांना झेपतील असे लोखंडी नांगर घडविले. त्यांना ‘वाह वाह’ आणि ‘शाबाश’ अशी नावे पडली. शेतकी अभियांत्रिकीचा पदवी अभ्यासक्रम आपल्या देशात प्रथम सुरू झाला तो याच संस्थेत, 1942 च्या सुमारास.

पैशाची चणचण मात्र सॅम यांचा पाठलाग सोडीत नव्हती. संस्थेसाठी देणग्या मिळवीत त्यांना वारंवार अमेरिकेत फिरावे लागे. एकेकाळी ज्या सभांमध्ये त्यांना आपल्या कामाचे समर्थन करावे लागले होते, त्याच प्रेस्बिटेरियन मंडळीने 1939 साली त्यांना आपल्या महासभेचे सभापती निवडले.

1944 साली ते निवृत्त झाले. चाळीस वर्षांच्या सेवेनंतर अमेरिकेत परतून 1949 साली त्यांनी आत्मचरित्र लिहिले आणि त्याच्या शीर्षकात आपल्या नावापुढे डॉक्टर, प्राचार्य किंवा रेव्हरंड असे काही न घालता केवळ शेतकरी एवढेच म्हटले. 11 जून 1958 रोजी न्यूयॉर्क राज्यात त्यांचे निधन झाले. पीस कोअरचा पहिला स्वयंसेवक आपल्या देशात उतरला, तो त्यानंतर तीन वर्षांनी.

नैनीची संस्था 2000 साली अभिमत विद्यापीठ झाली, 2009 साली तिला सॅम हिगिनबॉटम यांचे नाव मिळाले, आणि 2016 साली उत्तर प्रदेशाच्या विधिमंडळाने कायदा करून तिला राज्यातील विद्यापीठाचा दर्जा दिला. अलाहाबादचे नाव 2018 पासून प्रयागराज झाले आहे. तुमच्यापैकी कोणी त्या बाजूला गेलात, तर यमुनेवरचा जुना रेल्वेपूल ओलांडल्यावर नैनी लागते. त्या घळी बुजविलेल्या जमिनीवर आजही शेतकीचे वर्ग भरतात.