बंगळुरूच्या छावणीत पूर्ण झालेली चर्चिल यांची कादंबरी

दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटनचे पंतप्रधान म्हणून विन्स्टन चर्चिल जगाला परिचित आहेत. 1953 साली त्यांना साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. इतिहास, चरित्र, युद्धवर्णन असे विपुल लेखन करणाऱ्या चर्चिल यांनी आयुष्यात कादंबरी मात्र एकच लिहिली. 'सॅव्हरोला' नावाची ही कादंबरी पूर्ण झाली ती बंगळुरूच्या लष्करी छावणीत. पुस्तक लिहून होणे आणि ते छापण्याजोगे होणे यांत किती अंतर असते, हे या तरुण अधिकाऱ्याला याच छावणीत उमगले.

30 नोव्हेंबर 1874 रोजी जन्मलेले चर्चिल 1895 मध्ये चौथ्या हुसार या घोडदळाच्या पलटणीत दाखल झाले. त्याच वर्षी जानेवारीत त्यांचे वडील लॉर्ड रँडॉल्फ यांचे निधन झाले होते. 1896 च्या ऑक्टोबरमध्ये पलटण मुंबईस पोहोचली. ससून गोदीच्या पायऱ्यांवर उतरताना भिंतीतील लोखंडी कडी धरण्याच्या प्रयत्नात चर्चिल यांचा खांदा निखळला आणि ते दुखणे त्यांना जन्मभर पुरले. पुण्याच्या तळावर थोडा मुक्काम करून पलटण रेल्वेने बंगळुरूला गेली.

तेथे दोन सहकाऱ्यांसह त्यांनी एक बंगला घेतला. पहाटेची कवायत, संध्याकाळचा पोलोचा खेळ आणि मध्ये दुपारचे रिकामे तास, असा दिनक्रम होता. विद्यापीठाचे शिक्षण न मिळाल्याची खंत त्यांना होती. ती भरून काढण्यासाठी आईकडून पुस्तके मागवून ते रोज चार-पाच तास वाचू लागले. गिबन यांचा रोमन साम्राज्याचा इतिहास, मेकॉले आणि प्लेटो त्यांनी याच काळात वाचून काढले. या वाचनातूनच लेखनाची ऊर्मी बळावली. राजकारणात शिरायचे तर नाव हवे आणि पैसाही हवा, आणि दोन्ही लेखणीतून मिळतील अशी त्यांची धारणा होती.

1897 मध्ये त्यांनी कादंबरी लिहावयास घेतली. 'अफेअर्स ऑफ स्टेट' असे तिचे आरंभीचे नाव होते. भूमध्य समुद्राकाठचे लॉरेनिया हे कल्पित प्रजासत्ताक, तेथील हुकूमशहा मोलारा, त्याची पत्नी ल्युसिल आणि लोकांचा नेता सॅव्हरोला असे हे कथानक. आपले सारे विचार त्यांनी नायकाच्या मुखी घातले होते. पण त्याच सुमारास वायव्य सरहद्दीवर मलाकंदची मोहीम सुरू झाली. कादंबरी बाजूला ठेवून चर्चिल वार्ताहर म्हणून तिकडे गेले. परतल्यावर त्यांनी प्रथम त्या मोहिमेचे पुस्तक लिहिले आणि 1897 च्या अखेरच्या दिवशी हस्तलिखित आईकडे लंडनला धाडले.

याच विषयावर दुसरा एक अधिकारीही पुस्तक लिहीत होता. आपले पुस्तक आधी यावे यासाठी चर्चिल यांची घाई चालली होती. टपालाच्या जाण्यायेण्यात अनेक आठवडे मोडत. म्हणून मुद्रिते बंगळुरूला न मागवता त्यांनी मुद्रितशोधनाचे काम मावशीचे यजमान मोर्टन फ्रेवेन यांच्यावर सोपवले. फ्रेवेन यांच्या हातून असंख्य चुका राहून गेल्या आणि विरामचिन्हांचा तर पार गोंधळ उडाला. 1898 च्या मार्चमध्ये पुस्तक बाहेर पडले. त्याची प्रशंसा झाली, पण समीक्षकांनी चुकांवरही नेमके बोट ठेवले. छापील पाने पाहून चर्चिल यांना विलक्षण मनस्ताप झाला. पुढे 1899 मध्ये सुधारित आवृत्ती काढावी लागली.

या अनुभवाच्या पार्श्वभूमीवर ते पुन्हा कादंबरीकडे वळले. 1898 च्या मे महिन्यापर्यंत ती लिहून झाली होती, परंतु या वेळी ती लगेच छापली गेली नाही. पलटणीतील मित्रांनी प्रेमकथेचा भाग अधिक रंगवण्याच्या सूचना केल्या, त्या चर्चिल यांना स्वीकारता आल्या नाहीत. त्यांची आजी, मार्लबरोच्या डचेस फ्रान्सिस, यांनी हस्तलिखित वाचून स्पष्ट अभिप्राय दिला. कथानक त्यांना बरे वाटले. ल्युसिलचे चित्रण मात्र फिके असून लेखकाला स्त्रीस्वभावाची फारशी जाण नाही, असे त्यांचे मत पडले. ही उणीव चर्चिल यांनाही जाणवत होती. चोविशीच्या आतल्या, छावणीत वाढलेल्या लेखकाला ती दूर करणे मात्र साधले नाही.

मे ते डिसेंबर 1899 या काळात 'मॅकमिलन्स मॅगझिन'मध्ये ही कादंबरी क्रमशः प्रसिद्ध झाली. हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्या 'करमणूक'मधून प्रकरणाप्रकरणाने वाचणाऱ्या मराठी वाचकांना ही पद्धत तेव्हा चांगली परिचित होती. चर्चिल यांनी त्या वर्षी लष्कराचा निरोप घेतला होता. शेवटची प्रकरणे छापली जात असताना ते दक्षिण आफ्रिकेत बोअर लोकांच्या कैदेत होते. तेथून ते निसटले आणि 1900 च्या फेब्रुवारीत पुस्तक निघाले तेव्हा त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले होते. पलटणीतील अधिकाऱ्यांना त्यांनी ते अर्पण केले.

कादंबरीने पुढील काही वर्षांत सुमारे 700 पौंड मिळवून दिले. तरीही 1930 च्या आत्मकथनात, आपण मित्रांना ती न वाचण्याचाच सल्ला देत आलो, असे त्यांनी नमूद केले. कथेच्या अखेरीस चिलखती जहाजांचा ताफा तोफांचा मारा चुकवत सामुद्रधुनीतून राजधानीकडे घुसतो. 1915 मध्ये नौदलमंत्री असताना दार्दानेल्समध्ये असाच बेत चर्चिल यांनी प्रत्यक्षात आणू पाहिला. तो फसला आणि त्यांना पद गमवावे लागले.

मुद्रितांचा धडा मात्र ते विसरले नाहीत. पुढील काळात मजकूर जुळवून घेऊन छापील पानांवर पुनःपुन्हा दुरुस्त्या करणे, जाणकारांकडून ती तपासून घेणे ही त्यांची रीतच झाली. 24 जानेवारी 1965 रोजी त्यांचे निधन झाले. भारताच्या स्वातंत्र्याला त्यांनी केलेला विरोध आणि 1943 च्या बंगालच्या दुष्काळातील त्यांची भूमिका यांमुळे येथे त्यांच्याविषयी कटुता आहे, आणि ती सकारण आहे. बंगळुरूच्या क्लबाच्या 1899 च्या जुन्या नोंदवहीत बुडीत येण्यांच्या यादीत लेफ्टनंट चर्चिल यांच्या नावे 13 रुपये मांडलेले आहेत. ज्या शहरात त्यांच्यातला लेखक घडला, त्या शहराचे हे देणे त्यांच्याकडून फिटायचे राहून गेले.