धर्माचा रकाना आणि अयोथीदास पंडितर

१९९१ च्या जनगणनेच्या वेळी मी तरुण प्रशासकीय अधिकारी होतो. आदल्याच वर्षी कायदा बदलून बौद्धांचा अनुसूचित जातींत समावेश झाला होता. प्रगणकांच्या प्रशिक्षणात सर्वाधिक प्रश्न याच मुद्द्यावर आले. मला तो सूचनापुस्तिकेतील एक किरकोळ बदल वाटला. पुढे तमिळ इतिहासाचे वाचन वाढले, तेव्हा कळले की त्या रकान्यासाठीचा झगडा शंभर वर्षांहून जुना होता आणि त्याच्या आरंभी मद्रासचा एक सिद्धवैद्य उभा होता.

अयोथीदास पंडितर यांचा जन्म १८४५ चा. मूळ नाव कातवरायन. गुरूंविषयीच्या आदरापोटी त्यांनी गुरूंचेच नाव धारण केले. जन्म परैयर या अस्पृश्य गणल्या गेलेल्या जातीत झाला, पण घरात विद्येची परंपरा होती. आजोबा कंदप्पन यांनी तिरुक्कुरळची ताडपत्री प्रत एलिस या इंग्रज अधिकाऱ्याच्या हाती पोहोचवली, असे ते स्वतः नमूद करतात. वैद्यक, तमिळ साहित्य आणि तत्त्वज्ञान यांत ते पारंगत झाले.

त्यांचा पहिला मार्ग अद्वैताचा होता. १८७० च्या दशकात निलगिरीत त्यांनी अद्वैतानंद सभा स्थापन केली. जीव आणि ब्रह्म एकच असतील, तर माणसामाणसांतील उच्चनीचता टिकणार नाही, हा विचार त्यांना जवळचा वाटला असावा. मात्र सिद्धान्त आणि व्यवहार यांतील अंतर त्यांना लवकरच जाणवू लागले. १८८० च्या दशकातच त्यांनी आपल्या समाजाची गणना हिंदूंत न करता मूळ तमिळ म्हणून करावी, अशी भूमिका घेतली. १८९१ मध्ये त्यांनी द्रविड महाजन सभा उभी केली.

निर्णायक प्रसंग १८९२ चा. मद्रास महाजन सभेच्या परिषदेत ते निलगिरीचे प्रतिनिधी म्हणून गेले आणि आपल्या लोकांना शिव व विष्णूच्या मंदिरांत प्रवेश का नाही, असे त्यांनी विचारले. सभेत गदारोळ झाला. त्या देवता तुमच्या नव्हेत, तुमच्यासाठी तुमची ग्रामदैवते आहेत, अशा आशयाचे उत्तर मिळाले. त्यावर पंडितरांनी देवांचा आग्रह सोडला आणि मुलांसाठी शाळा व पडीक जमीन मागितली. अद्वैताचा निरोप त्यांनी असा एका प्रशासकीय मागणीने घेतला, हे मला फार बोलके वाटते.

१८९८ मध्ये थिऑसॉफिकल सोसायटीचे कर्नल ऑल्कॉट यांच्यासह ते श्रीलंकेस गेले आणि सुमंगल महास्थविरांकडून त्यांनी पंचशील ग्रहण केले. परत आल्यावर मद्रासमध्ये शाक्य बौद्ध संघ स्थापन झाला. कोलारच्या सोन्याच्या खाणींतील मजुरांपर्यंत, पुढे रंगून आणि दक्षिण आफ्रिकेतील तमिळ श्रमिकांपर्यंत त्याच्या शाखा पोहोचल्या. १९०७ मध्ये त्यांनी साप्ताहिक सुरू केले. किंमत एक पैसा, आणि नावही तेच सांगणारे: ‘ओरु पैसा तमिळन’. १९१४ मध्ये निधन होईपर्यंत ते त्यातून लिहीत राहिले.

पंडितरांनी या घटनेला धर्मांतर मानले नाही. त्यांच्या मते परैयर हे मूळचे बौद्धच होते. बौद्ध धर्माच्या पाडावानंतर त्यांना अस्पृश्य ठरवले गेले. त्यामुळे हे घरी परतणे होते. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला त्यांच्या अनेक व्युत्पत्ती पटत नाहीत. पुराव्याची जागा तेथे कल्पना घेते. तरीही ज्यांना इतिहासच नाही असे गृहीत धरले होते, त्यांनी स्वतःचा इतिहास लिहायला घेतला, याचे मोल त्यामुळे उणावत नाही. अस्पृश्यांच्या बौद्ध पूर्वपीठिकेचा सिद्धान्त डॉ. आंबेडकरांनी १९४८ मध्ये स्वतंत्रपणे मांडला. त्याच वर्षी पंडितरांचे मद्रासमधील सहकारी लक्ष्मी नरसू यांच्या बौद्ध धर्मावरील ग्रंथाच्या नव्या आवृत्तीस त्यांनी प्रस्तावना लिहिली.

राज्यसंस्थेने मात्र हे परतणे सहजी मान्य केले नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा मुख्यतः हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये नागपुरात दीक्षा घेतलेल्यांना केंद्राच्या यादीत स्थान मिळण्यास १९९० उजाडले. म्हणजे ३४ वर्षे श्रद्धा आणि सवलत यांतून एकाची निवड करणे भाग होते. जातीची झळ मात्र धर्म बदलूनही थांबली नव्हती. हाच प्रश्न आज अन्य धर्मांत गेलेल्या दलितांबाबत, २०२२ मध्ये नेमलेल्या बालकृष्णन आयोगापुढे आला आहे.

येत्या जनगणनेत जातीचीही नोंद होणार आहे. प्रगणकाने समोरच्या माणसाचा धर्म स्वतः ठरवू नये, तो जे सांगेल तेच लिहावे, हा नियम प्रशिक्षणात एका ओळीत उरकला जातो. मीही तो तसाच उरकला होता. आता ती ओळ सांगण्याची वेळ माझ्यावर आली, तर मी पंडितरांची हकिकतही सांगेन.